एका कागदावरची दोन झाडं

मशीनवाल्याने कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, आणि पडद्यावर आईचं झाड दाराएवढं मोठं झालं.

“बाप रे!” काडी म्हणाली. “पानावरची लवसुद्धा मोजता येईल.”

‘आईचं झाड’ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव लॅटिन, दोन शब्दांचं, आणि त्यातला दुसरा शब्द दादाने, म्हणजे इथे झाडं चिकटवणाऱ्या ताईच्या थोरल्या भावाने, आपल्या आईच्या नावावरून बेतलेला. एकतीस वर्षांपूर्वी दादाने ही नवी जात जगापुढे मांडली, आणि तेव्हापासून हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या झाडांच्या या संग्रहालयात, शिपायापासून संचालिकेपर्यंत सगळे तिला आईचं झाड म्हणत आले. या जातीचा जगात एकच नमुना होता, तो या कागदावर. वाळवलेली एक फांदी, तिला करवतीसारख्या दातेरी कडांची सहा पानं, आणि शेंड्याला घंटेसारखी दोन फुलं. जिवंत झाड त्यानंतर कुणाच्याच दृष्टीस पडलं नाही.

ते दृष्टीस पाडायचा विडा काडीने उचलला होता. काडी म्हणजे इथली संशोधक मुलगी. अंगाने काडी, आणि अंबाड्यात खोचायला पेन्सिल सापडली नाही तर तिथेही वाळकी काडीच. येत्या एक तारखेला ती तीन वर्षांसाठी डोंगरात निघणार होती. ओढ्यामागून ओढा पालथा घालून आईचं झाड शोधायचं, हाच तिच्या पीएचडीचा विषय. त्यापायी तिने कॉलेजातली चालून आलेली नोकरी नाकारली होती आणि घरच्यांचा अबोला पत्करला होता. पायाला सरावावेत म्हणून नवे बूट ती आतापासूनच घालायची, आणि हर्बेरियमच्या फरशीवरून दिवसभर करकर करत फिरायची.

“ताई, तुम्ही चिकटवलेलं ना हे? काय हात आहे तुमचा!”

ताई पडद्याकडे बघत होती, पण फुलांकडे नाही. फुलांच्या खाली, जिथे शेंडा फांदीला मिळतो तिथे, एक बोटाच्या पेराएवढी कागदी पट्टी होती. ताई पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

एकतीस वर्षं ताई इथे झाडं चिकटवत होती. डोंगरातून वाळवून, टीपकागदात दाबून आलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर बसवायची. पानांना खळ, बारीक देठांना कागदी पट्ट्या, जाड फांद्यांना दोऱ्याचे टाके. सगळे तिला चिकटताई म्हणत, आणि ते केवळ खळीमुळे नव्हे हे तिलाही ठाऊक होतं. रोज सकाळी खळीच्या वाटीला हात जोडून, काहीबाही गुणगुणत ती कामाला बसे. देवाने घडवलेलं पान आपल्या हातून दुमडू नये, एवढंच मागणं.

आणि पहिल्या दिवशी दादाने तिला पहिला नियम शिकवला होता तो असा: तुटलेलं जोडायचं नाही. जे गळून पडलं ते पुडीत घालायचं आणि पुडी कागदाच्या कोपऱ्यात लावायची. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे सुटं होतं. सांध्यावर पट्टी कधीही नाही.

पडद्यावर सांध्यावर पट्टी होती. आणि पट्टीच्या खालून येणारी फांदी चौकोनी होती, चारी कडा स्पष्ट दिसणारी. पट्टीच्या वरून निघालेला फुलांचा देठ मात्र गोल होता.

“जरा मोठं करता येईल का हो?” तिने मशीनवाल्याला विचारलं.

मोठं केल्यावर देठ आणखीच गोल दिसला.

ताईला खिडकी आठवली. नोकरीचा दुसरा आठवडा. नवरा जाऊन तीन महिने झालेले, पदरात एक लहान मूल, आणि दादाच्या शब्दावर मिळालेली ही जागा. टेबलावर ओळीने सहा कागद, एकाच माणसाने एकाच सफरीत गोळा केलेल्या झाडांचे. वाऱ्याचा झोत आला, कागद फडफडले, आणि बघते तो फरशीवर दोन घंटा असलेला एक शेंडा पडलेला. कुठल्या कागदावरचा? धास्तावून तिने पाहिलं, तर एका फांदीचा शेंडा मोडलेला दिसला. तिथे टेकवून पाहिला. बसला. कुणी यायच्या आत तिने वर पट्टी लावली आणि देवाचे आभार मानले.

आज तिला कळलं की आभार मानायची घाई झाली होती.

*

हर्बेरियममध्ये दादाला सगळे मोठे सर म्हणत. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी बुधवार-शुक्रवार तो यायचा, आणि त्याच्या खोलीला अजून कुणी दुसरं कुलूप लावलं नव्हतं. घरी दोघं एकाच छपराखाली राहत. घरी तो ‘दादा’ आणि ‘तू’. इथे ‘सर’ आणि ‘तुम्ही’. हा ताईचा स्वतःचा दंडक होता, वशिल्याची म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी.

“सर, वेळ आहे?”

“बस.”

“बसत नाही. बसले की बोलता यायचं नाही.”

उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. खिडकी, शेंडा, पट्टी, चौकोन, गोल. दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“म्हणजे एकतीस वर्षांनी तुला वारा आठवला.”

“वारा नाही आठवला. पट्टी दिसली.”

“दाबून वाळवलं की चौकोनी फांदीही चपटी होते. गोल दिसू शकते.”

“मग खालची का नाही झाली?”

दादाच्या पाठीमागच्या भिंतीवर त्याच्याच हाताने काढलेला वंशवृक्ष होता. डावीकडच्या फांदीवर करवती घराणं: ओढ्याकाठची झुडपं, दातेरी पानं. उजवीकडच्या फांदीवर घंटा घराणं: कड्याकपारीतली झाडं, घंटेसारखी फुलं. आणि दोघांच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडे हात पसरून, आईचं झाड. पानं या घराण्याची, फुलं त्या घराण्याची. म्हणजे दोन्ही घराणी लाखो वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटली, आणि हा त्या वाटेवरचा मागे राहिलेला टप्पा. हे चित्र दूरदूरच्या पुस्तकांत छापलं गेलं होतं. दादाचं नाव ज्या एका गोष्टीसाठी घेतलं जायचं, ती ही.

“पट्टी सोडवून बघू या का?” ताई म्हणाली. “माझीच खळ आहे. वाफ दिली की सुटेल.”

“मूळ नमुन्याला हात लावायचा नाही!” दादाचा आवाज इतका चढला की बाहेरची करकर थांबली. मग तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, धाकटे. इथे आठवणीवर झाड उभं राहत नाही आणि पडतही नाही. ती फुलं दुसऱ्याची म्हणतेस ना? मग ती दुसरी फांदी दाखव. मोडलेल्या शेंड्याची. कागद आण, मग बोलू.”

“आणते.”

“नव्वद हजार कागद आहेत.”

“आणते म्हटलं ना.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा तो मागून म्हणाला, “आणि आईचं नाव?”

ताई दार ओढून बाहेर आली.

*

घरी दोन दिवस बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. बोलले ते वहिनीमार्फत.

“तिला म्हणावं, पेपर झाला असेल तर दे.”

“वन्सं, पेपर झाला असेल तर द्या म्हणतायत. आणि दोघांच्या मध्ये कुणी खळ वाळत घातलीय का, तेही सांगा. मला इकडून तिकडे जाता येत नाहीये.”

दादा उठून आत गेला. वहिनीने खुर्ची ओढली आणि ताईच्या हातातली भाजीची पाटी आपल्याकडे घेतली. “हं. सांगा.”

ताईने सांगितलं. वहिनी ऐकता ऐकता शेंगा सोलत राहिली.

“बोलले नसते तर बरं झालं असतं का?” ताईने विचारलं. “दादाचं नाव राहिलं असतं. आईचंही. पण वहिनी, ती पोर एक तारखेला निघतेय. तीन वर्षं. जे झाड कधी उगवलंच नाही ते शोधायला. ते झाड माझ्या खळीच्या वाटीत उगवलंय हो.”

“सासूबाईंची एक गोष्ट सांगू? मी नवी नवरी होते तेव्हाची. लाँड्रीतून कुणाची तरी चादर आपल्या गठ्ठ्यात आली. कोरी करकरीत, कशिद्याची. मी म्हटलं, राहू दे, कोण विचारतंय. तर ही बाई भर उन्हात चार गल्ल्या फिरली, दारोदार विचारत, आणि मालकीण सापडल्यावरच घरी आली. वर मला म्हणे, झोप लागली असती का तुला त्याच्यावर?” वहिनीने एक शेंग मोडली. “आता मला सांगा, त्या बाईला दुसऱ्याचं फूल डोक्यात माळून मिरवायला आवडलं असतं?”

ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“पण तुमचे दादा हट्टी आहेत,” वहिनी म्हणाली. “त्यांना कागदच दाखवावा लागेल.”

“मीही त्याच आईची आहे.”

“ते का मला माहीत नाही? चाळीस वर्षं दोघांच्या मध्ये बसलेय मी.”

*

दुसऱ्या दिवसापासून ताईने जेवणाची सुट्टी जिन्यावर पाच मिनिटांत उरकायला सुरुवात केली. झाडांजवळ खायचं नाही हा नियम. म्हणून डबा जिन्यावर, हात धुऊन कोरडे, आणि मग कपाटं. घंटा घराण्याची अकरा कपाटं होती. प्रत्येकात सव्वीस खण, प्रत्येक खणात कागदांची चळत. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात जायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. ती एकेक कागद दोन्ही हातांनी उचलायची, लेबल बघायची, शेंडा बघायची, आणि जसा होता तसा ठेवायची. लेबलवर त्याच गोळा करणाऱ्याचं अक्षर हवं, तीच सफर हवी, आणि शेंडा मोडलेला हवा.

दिवसाला एक कपाट व्हायचं, कधी तेही नाही. काम सुटल्यावर ती आणखी अर्धा तास थांबायची. गुणगुणणं तेवढं चालू असायचं.

सहाव्या कपाटाशी काडीने तिला गाठलं.

“ताई, दोन आठवडे बघतेय. काय हरवलंय?”

ताईने खोटं बोलायचा विचार केला नाही असं नाही. पण समोर ते नवे बूट होते. तिने हातातली चळत खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा सगळी गोष्ट सांगितली.

काडीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“तुम्ही हे आत्ता सांगताय?”

“मला आत्ता दिसलं.”

“मी नोकरी सोडलीय, ताई! बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पावसाळी तंबू घेतलाय, परवानग्या आल्यात. आणि तुमच्या एका आठवणीवर मी सगळं सोडून देऊ? कदाचित आठवण चुकीची असेल. कदाचित पट्टी बरोबर जागी असेल!”

“असेल. म्हणून तर शोधतेय.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर तू जा. पण मी शोधत राहीन, आणि सापडलं की तुला डोंगरात निरोप धाडीन. तू परत येशील तेव्हा बुटांसकट माझ्या डोक्यावर उभी राहा.”

काडी करकर करत निघून गेली. पाच मिनिटांनी करकर करत परत आली. तिने सातवं कपाट उघडलं.

बराच वेळ दोघी कागद उलटत राहिल्या. मग ताईनेच विचारलं, “मला एक सांग. समजा आईचं झाड नाहीच. मग ही दोन घराणी एकमेकांची कोण?”

“कोणी नाही. किंवा फार फार लांबची.”

“पण पानांवर दोघांच्याही लव आहे. दोघांचीही पानं जाड.”

“ओल्या खडकात राहतात ना दोघं. एकाच जागी लाखो वर्षं तगायचं म्हणजे जे सोयीचं तेच टिकतं, मग घराणं कुठलंही असो. जागा सारखी म्हणून रूप सारखं.” काडीने नाक ओढलं. “आपले वॉचमनकाका आणि संचालिकाबाई, दोघांनाही चष्मा आहे, दोघंही सारखे खाकरतात. म्हणून काय बहीणभाऊ आहेत?”

“डांबराच्या गोळ्यांनी खाकरतात बिचारे.”

“तेच म्हणतेय मी. नातं ओळखायचं तर जे दोघांनी आपापलं कमावलं ते बाजूला ठेवायचं, आणि जे वाडवडिलांकडून आलं ते धरायचं. सरांनी आईचं झाड धरलं, कारण त्यात दोन्हीकडचं वाडवडिलांचं होतं. ते पडलं तर मधला पूल पडला.”

ताई म्हणाली, “झाडं देवाने केली. नावं आपण दिली. झाडात खोट नाही, पोरी. खोट असेल तर आपल्या चिठ्ठीत.”

“तुमचा देव बरा आहे. सगळी खोट आमच्याकडे.”

“दुरुस्त करायची अक्कलपण त्यानेच दिलीय ना. मग?”

अकरावं कपाट सत्तावीस तारखेला संपलं. मोडलेल्या शेंड्याचा, त्या सफरीतला, एकही कागद नव्हता.

काडी फरशीवर बसली. बूट काढून तिने तळवे चोळले. “झालं. मी निघते एक तारखेला. उलट चांगलं आहे, म्हणजे झाड खरं असणार.”

ताई जागेवर उभी होती. हातात शेवटची चळत तशीच. ती चळत ठेवायलाच विसरली होती.

“आपण घंटा घराण्यात का शोधतोय?” ती म्हणाली.

“कारण फुलं घंटेची आहेत.”

“पण त्या कागदावर फुलं नव्हतीच ना. फुलं माझ्याकडे आली. त्या कागदावर नुसत्या पानांची भुंडी फांदी राहिली. तू असतीस तर कुठल्या घराण्यात घातली असतीस?”

काडी उठली. एका पायात बूट, एक पाय मोकळा.

बिननावाचं कपाट जिन्याखाली होतं. ज्यांचं घराणं कळलं नाही, ज्यांना फूल नाही, फळ नाही, असे कागद तिथे ठेवायचे, आणि कधीतरी कुणीतरी बघेल असं म्हणायचं. त्याचं दार इतकी वर्षं उघडलं नव्हतं की बिजागरी ओरडली. आत दोन हजारांच्या आसपास कागद होते. त्या दिवशी दोघींनी पाचशे पाहिले. दुसऱ्या दिवशी काडी तंबूची दोरी आणायला जाणार होती, ती गेली नाही. ताईने रजेचा अर्ज देऊन रजा घेतली आणि रजा घेऊन हर्बेरियममध्येच आली. वॉचमन म्हणाला, “चिकटताई, रजेवर असताना आत सोडता येत नाही.” ताई म्हणाली, “मी पाहुणी म्हणून आलेय, वहीत लिहा.” त्याने खरोखरच लिहिलं.

एकोणतीस तारखेला, दुपारी, खालून दुसऱ्या चळतीत तो कागद होता.

गोल फांदी. जाड, लवेची, कडा साध्या असलेली चार पानं. शेंडा मोडलेला. ताईचे स्वतःचे टाके, नवशिके, एक सैल एक घट्ट. लेबलवर गोळा करणाऱ्याचं अक्षर: ‘कडा, ओला खडक. फूल निळं.’ आणि त्याखाली पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात: ‘फूल कुठे आहे?’

ते अक्षर ताई जन्मापासून ओळखत होती. त्याच अक्षराने तिला पाटीवर मुळाक्षरं गिरवून दिली होती.

*

तो शुक्रवार होता, दादा खोलीत होता. ताईने दार न वाजवता उघडलं. मागे काडी, दोन्ही हातांवर कागद आडवा धरून, नवजात बाळ धरावं तसा.

“दादा, बघ.”

इथे, या खोलीत, एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला दादा म्हटलं. त्यालाही ते जाणवलं. त्याने टेबलावरची पुस्तकं बाजूला सारली.

काडीने कागद टेबलावर ठेवला आणि आईच्या झाडाचा कागद आणून शेजारी मांडला. कागदांवरच्या झाडांना कुणी हात लावला नाही. भिंगाखाली मोडलेला शेंडा पाहिला. तुटलेल्या कडेला एक तिरपा कंगोरा आणि त्याशेजारी खाच. मग आईच्या झाडावरची फुलं पाहिली. पट्टीतून एका बाजूने देठाची कड किंचित बाहेर डोकावत होती, आणि तिथे त्याच मापाची तिरपी खाच आणि तिच्या शेजारी कंगोरा होता. काडीने दोन्हीचे मोठे फोटो काढले, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकमेकांना भिडवले. मोडलेली बांगडी जुळावी तसे जुळले.

दादाने पडद्याकडे फार वेळ पाहिलं नाही. तो पेन्सिलीची ओळ वाचत होता.

“हे मी लिहिलंय,” तो म्हणाला.

“हो.”

“फूल कुठे आहे.” त्याने ते पुन्हा मोठ्याने वाचलं. मग तो आईच्या झाडाच्या लेबलवर वाकला. ‘ओढ्याकाठी, झुडूप.’ बस, एवढंच. “धाकटे, या माणसाने गोळा केलेले शेकडो कागद मी पाहिलेत. फूल असलं की तो रंग लिहितोच. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून सगळ्यात आधी रंग. या लेबलवर रंग नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं.”

दादाने भिंग खाली ठेवलं.

“मी म्हटलं, विसरला असेल. त्या आठवड्यात मला फुलं असलेलं झाड हवं होतं. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मला तिच्या नावाचं काहीतरी हवं होतं. एका कागदावर रंग नसलेलं फूल, दुसऱ्यावर फूल नसलेला रंग. दोन्ही माझ्या टेबलावरून गेले. तुझा वारा होता. मला तर वाराही नव्हता.”

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरीही ती असं करत नसे.

“सर,” काडी हळूच म्हणाली, “मग आता आईंचं नाव…”

“नाव मरत नाही,” दादा म्हणाला. एकदम सर झाला. “नियम काय सांगतो? मी वर्णन कशाचं जास्त केलंय? पानांचं, फांदीचं. मग नाव फांदीला चिकटणार. फुलं सुटली. आणि फांदी कशाची आहे, बघ की नीट, आता तुला कळेल.”

काडीने भिंग धरलं. फुलं झाकून नुसती पानं पाहिली. “अरेच्चा! हे तर करवतपान. आपल्या गटाराच्या काठाने उगवतं ते.”

“सावलीतलं, म्हणून पानं मोठी. करवतपानाला दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळालंय. पुस्तकात जुनं नाव वर, आईचं नाव त्याच्याखाली, बारीक अक्षरात. कायमचं. पुसता येत नाही कुणालाही.”

“म्हणजे आई गटाराच्या काठी,” ताई म्हणाली.

“बसस्टॉपवर. शाळेच्या भिंतीला. आपल्या मोरीच्या मागे.” दादाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “सगळीकडे लुडबुड करायची सवयच होती तिला.”

आणि मग दोघंही हसले. हसताना दादाने चष्मा काढून ठेवला तो बराच वेळ परत घातला नाही.

हर्बेरियममधली एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावरच आहे. कागदावरचं जुनं मत कधीही फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तारीख घालून, सही करून. जुनं तिथेच राहतं, नवं शेजारी. पन्नास वर्षांनी येणाऱ्याने दोन्ही वाचावीत.

दादाने दोन चिठ्ठ्या काढल्या. वयोमानाने अक्षर सावकाश निघत होतं. आईच्या झाडाच्या चिठ्ठीवर त्याने लिहिलं: ‘या कागदावर दोन झाडं आहेत. फांदी व पानं करवतपानाची. फुलं घंटा घराण्यातली, ती बिननावाच्या कपाटातल्या कागदाची. ही जात मी मांडली, ती चूक होती. आता मागे घेतो.’ सही. तारीख. दुसऱ्या कागदावर पेन्सिलीच्या प्रश्नाखाली: ‘सापडलं.’

मग त्याने पेन ताईपुढे केलं.

“हे काय?”

“शोधलं कुणी, ते लिही.”

“मी चिकटवणारी. चिकटवणारे चिठ्ठीवर लिहीत नाहीत.”

“म्हणूनच एकतीस वर्षं लागली.”

ताईने पेन घेतलं. ताईने विचार केला नाही, कारण जे लिहायचं ते गेले चार आठवडे कपाटाकपाटातून तिच्या मनात घोळत होतं. दादाच्या सहीखाली तिने लिहिलं: ‘फुलं चुकून मी जोडली. चूक मीच शोधली.’ आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव, जे इथे कुणी कधी हाकेत वापरलं नव्हतं.

मग ती आपल्या टेबलावर गेली, खळीची वाटी घेऊन आली. चिठ्ठीच्या मागे बोटाने पातळ थर दिला, मूळ लेबलच्या शेजारी, कुठेही न झाकता, चिठ्ठी बसवली आणि वर टीपकागद ठेवून पितळी वजन ठेवलं.

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “कुणी हलवू नका.”

दादा खुर्ची वळवून भिंतीवरच्या चित्राकडे बघत बसला. थोड्या वेळाने उठला, आणि मधल्या फांदीला दोन्ही घराण्यांशी जोडणाऱ्या रेघांशेजारी पेन्सिलीने एकेक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं काहीच नाही.

“तू काय करणार आता?” त्याने पाठमोऱ्यानेच काडीला विचारलं. “एक तारीख परवा आहे.”

काडीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“परवानग्या आल्यात. तंबू आहे. बूट सरावलेत.” ती म्हणाली. “ओल्या कड्यावरचं निळं फूल, सर. ही घंटा मी पुस्तकात निळी कुठे वाचलेली नाही. पांढरीच वाचलीय. कदाचित नवीच जात असेल, कदाचित काही नसेल. पण या वेळेला लेबल आधी वाचून निघेन.”

“लेबल नुसतं वाचू नकोस,” दादा म्हणाला. “त्यात काय नाही ते बघ.”

“तुझे कागद मी चिकटवणार,” ताई म्हणाली. “खिडकी लावून.”

काडी हसली. वजन उचलायला अजून बारा मिनिटं होती. तेवढ्यात ती जिन्याखाली गेली, आणि बिननावाच्या कपाटाची बिजागरी पुन्हा ओरडलेली वर खोलीपर्यंत ऐकू आली.